सहा प्रश्न आणि एक तिकीट: चांदा-गडचिरोलीहून परदेशी जाणाऱ्यांसाठी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग इथे लिहून देतोय. बोलण्याचा सूर तसाच ठेवलाय, सांभाळून घ्या.

आजचा विषय आहे परदेशी जायची भीती. व्हिसाची नाही आणि विमानाचीही नाही. ऑफर हातात असते, वय पंचवीस-सव्वीस असतं, मित्र म्हणतात 'जा ना यार', आणि तरी पोटात काहीतरी अडकून बसतं ना, ती भीती. चंद्रपूर, मूल, ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोली या आपल्या पट्ट्यातल्या पोरापोरींना ती जरा जास्तच असते असं मला वाटतं. आपल्याकडे 'दूर' या शब्दाची सुरुवातच नागपूरपासून होते.

मी इंजिनिअर माणूस. अडचण आली की आधी कुणाला तरी ती आली होती का, हे शोधायची सवय. म्हणून इतिहासात शोधलं. आणि पहिली जी गोष्ट सापडली ती इथली नाही, पण तिथूनच सुरू करावी लागते.

साल १८८३. तारीख २४ फेब्रुवारी. बंगालमध्ये कलकत्त्याजवळ सेरामपूर नावाचं गाव आहे (आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे). तिथल्या कॉलेजच्या सभागृहात एक मराठी मुलगी भाषणाला उभी राहिली. वय सतरा, अठरावं पूर्ण व्हायला महिनाभर बाकी. कल्याणला जन्मलेली, नवव्या वर्षी लग्न झालेली, चौदाव्या वर्षी आई झालेली आणि दहा दिवसांत ते बाळ गमावलेली. नवरा गोपाळराव पोस्टात नोकरीला. तिचं नाव आनंदीबाई जोशी. तिला अमेरिकेला जाऊन डॉक्टर व्हायचं होतं आणि त्यावरून लोकांनी नुसता गोंधळ घातला होता.

आनंदीबाई आपल्याला शाळेत शिकवतात, तेव्हा 'पहिली महिला डॉक्टर' एवढंच डोक्यात राहतं. मला मात्र तिचं ते भाषण फार महत्त्वाचं वाटतं. ती उठली आणि 'मी घाबरत नाही' असं काही म्हणाली नाही. लोक तिला जे जे विचारत होते, त्याचे तिने सहा प्रश्न केले आणि एकेकाला उत्तर दिलं. माझ्या शब्दांत सांगतो. एक, मी अमेरिकेला का जातेय? दोन, इथे भारतात शिकायची सोय नाही का? तीन, एकटी का जातेय? चार, परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचं काय? पाच, तिथे काही वाईट घडलं तर? आणि सहा, आजवर कुठल्या बाईने केलं नाही ते मीच का करू?

आता हे प्रश्न पुन्हा एकदा वाचा. चौथ्यात 'जात' या शब्दाजागी 'नातेवाईक' घाला. सहाव्यात 'बाई'च्या जागी 'आपल्या गावातला माणूस' घाला. १८८३ सालची यादी आहे, पण माझ्या घरी गेल्या महिन्यात हीच निघाली. त्याबद्दल पुढे सांगतोच.

तिची उत्तरं साधी होती. देशात बायकांना बाई डॉक्टरची गरज आहे आणि तसं शिक्षण इथे नीट मिळत नाही. जातीबद्दल ती म्हणाली की मी हिंदू म्हणून जाते आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन. त्या काळी समुद्र ओलांडला की धर्म बुडाला असं मानणारे लोक होते, परत आलेल्याला प्रायश्चित्त घ्यायला लावत. म्हणजे हा प्रश्न नुसता टोमणा नव्हता, परत आल्यावर घरात पंगतीला बसायला मिळेल की नाही, एवढा तो खरा होता.

७ एप्रिल १८८३ ला ती कलकत्त्याहून बोटीत बसली, ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली. जवळजवळ दोन महिने पाण्यावर. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून ती एम.डी. झाली. त्याच वर्षाच्या शेवटी भारतात परतली. कोल्हापूरच्या दवाखान्यात तिची नेमणूकही झाली होती. पण क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात ती गेली. बावीस वर्षंही पूर्ण नव्हती.

हा शेवट मी मुद्दाम सांगतोय. परदेशी जाण्यावरच्या भाषणांत तो बहुतेक वगळतात. तिच्या पाचव्या प्रश्नातली भीती खोटी नव्हती, वाईट घडू शकतं आणि घडलं. फरक एवढाच की तिने तो प्रश्न लपवला नाही. चारचौघांत वाचून दाखवला आणि मग बोटीत बसली.

बरं, तुम्ही म्हणाल, कल्याणच्या मुलीचं ठीक आहे. आमच्या चांद्याचं काय?

तर चांद्याकडे येऊ. चंद्रपूरचं जुनं नाव चांदा, आणि आजचा गडचिरोली जिल्हा १९८२ सालापर्यंत याच चांद्याचा भाग होता. इथे समुद्र ओलांडला म्हणून जात बाटण्याची चर्चा फार लोकांच्या वाट्याला आलीच नाही. कारण बहुतेकांना मुळात गावाच्या विहिरीवर, शाळेच्या ओसरीवर किंवा सावकाराच्या दारातच अडवलं जायचं. समुद्र फार पुढची गोष्ट. म्हणून आपल्या भागात परदेशी जाण्याचा इतिहास वेगळ्या रस्त्याने येतो, आणि तो रस्ता बाबासाहेबांपासून निघतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेव्हा वय बावीस. हे सगळ्यांना माहीत असतं. त्यापुढचं कमी सांगितलं जातं. तिथून ते लंडनला गेले, अभ्यास सुरू केला, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये तो अर्धवट टाकून परत यावं लागलं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पैसे साठवले, मित्राकडून उसने घेतले, शाहू महाराजांची मदत झाली, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी दोन्ही १९२३ पर्यंत पूर्ण केली. 'गेलो आणि जमलं नाही तर?' या प्रश्नाला यापेक्षा चांगलं उत्तर मला सापडलेलं नाही. अर्ध्यातून परत यावं लागलं तर पुन्हा जायचं. त्याला तीन वर्षं लागली, तर लागली.

त्याच वाटेने चांद्याचा एक तरुण इंग्लंडला गेला. भाऊराव देवाजी खोब्रागडे. जन्म २५ सप्टेंबर १९२५, चांदा. आपल्याकडे सगळे त्यांना बॅरिस्टर राजाभाऊ म्हणतात. ज्या समाजाला काल-परवापर्यंत कोर्टाच्या पायऱ्या चढताना अंग चोरावं लागत होतं, त्यातला मुलगा लंडनहून बॅरिस्टर होऊन आला. आला कुठे? चांद्यालाच. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेब चंद्रपूरला दीक्षा द्यायला आले. त्या कार्यक्रमामागे राजाभाऊ होते. तेव्हा त्यांचं वय एकतीस. पुढे ते राज्यसभेत गेले आणि १९६९ ते १९७२ राज्यसभेचे उपसभापती होते.

आज चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर ऑक्टोबरमध्ये जी गर्दी होते, त्यात कितीतरी पोरं अशी असतात की घरातली कॉलेजला गेलेली पहिली पिढी. त्यांना मी एवढंच म्हणेन की तुम्ही ज्या मैदानात उभे आहात, तिथला कार्यक्रम उभा करणारा माणूस तुमच्याच वयाचा असताना लंडनच्या थंडीत कायदा वाचत होता. परदेश हा 'त्यांचा' विषय आहे, 'आपला' नाही, हे इतिहासाला धरून नाही.

आता तिसरी भीती. ही आपल्या पिढीला सगळ्यात जास्त टोचते. 'इथे एवढी गरज असताना तू तिकडे चाललास? आपल्या लोकांना सोडून?'

यावर बोलायला गडचिरोलीचेच डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग आहेत. राणीताई मूळच्या चंद्रपूरच्या. दोघंही नागपूरहून एम.डी. झालेले, वर्धा जिल्ह्यात गावात काम करत होते. काम करताना त्यांना दिसलं की नुसतं औषध देऊन भागत नाही. लोक का आजारी पडतात, का मरतात, हे मोजता आलं पाहिजे, आणि ते मोजायचं शास्त्र शिकायला हवं. म्हणून १९८० च्या दशकात ते अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले. सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली. आणि परत येऊन १९८६ मध्ये 'सर्च' या संस्थेचं काम सुरू केलं ते गडचिरोलीत, जिल्हा होऊन जेमतेम चार वर्षं झालेली असताना.

शिकून आलेलं कुठे वापरलं बघा. १९८९ मध्ये राणीताईंचा अभ्यास 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात आला. गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, त्यातल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते. आणि आधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. तोपर्यंत ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी एवढंच सरकारी कागदावर असायचं. मग १९९९ मध्ये त्याच साप्ताहिकात नवजात बाळांचा अभ्यास आला. ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाचं वजन कसं घ्यायचं, ऊब कशी द्यायची, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, त्यावर इलाज कसा करायचा. या गावांत नवजात बालमृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं. घरी जाऊन बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत पुढे देशभरातल्या आशाताईंच्या कामात आली.

म्हणजे बाल्टिमोरला जाणं हे गडचिरोलीला सोडणं नव्हतं. गडचिरोलीच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला लागणारी हत्यारं तिकडे मिळत होती, ती आणायला ते गेले होते. सगळ्यांनी परत यावं असा माझा आग्रह नाही, तेही सांगतो. ज्याचं त्याचं आयुष्य. पण 'जाणं म्हणजे सोडणं' हे समीकरण आपल्याच जिल्ह्यात कधीच खोटं ठरलंय.

आता एक गोष्ट याच पिढीतली. कुरखेडा तालुक्यात चिरचाडी नावाचं गाव आहे. तिथल्या आदिवासी कुटुंबातले भास्कर हलामी अमेरिकेत आरएनएवर काम करणारे शास्त्रज्ञ झाले. लहानपणी एकवेळचं जेवण मिळायची मारामार होती, रानातली मोहफुलं शिजवून खाऊन दिवस काढले, असं त्यांनी २०२२ मध्ये एका वृत्तसंस्थेला सांगितलं होतं. वडिलांना शंभरेक किलोमीटरवर कसनसूरच्या शाळेत काम मिळालं आणि कुटुंब तिकडे गेलं.

त्यांचा प्रवास नकाशावर टाकून बघा. चौथीपर्यंत कसनसूरची आश्रमशाळा. शिष्यवृत्तीची परीक्षा देऊन यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूरचं शासकीय विद्यानिकेतन, दहावीपर्यंत. बी.एस्सी. गडचिरोलीला. एम.एस्सी. नागपूरला. मग नागपूरच्याच लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणं. आणि त्यानंतर मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत पीएच.डी.

मला हा नकाशा बघून एक गोष्ट लक्षात आली. आश्रमशाळेत पहिल्यांदा राहायला गेलेलं पोरगं परदेशातच गेलेलं असतं हो! घरी गोंडी किंवा माडिया बोलायची सवय, शाळेत मराठी. जेवण वेगळं, झोपायची जागा वेगळी, रडू आलं तर कुणाला सांगायचं माहीत नाही. तेव्हा ना व्हॉट्सअॅप होतं ना व्हिडिओ कॉल. सहा-सात वर्षांच्या वयात हे केलेल्या माणसाला मिशिगनचा बर्फ काय घाबरवणार? गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे म्हणाल तर वर्षानुवर्षं वडशाचं एक स्टेशन. तिथून, एसटीच्या शेवटच्या सीटवर ट्रंक घेऊन कॉलेजला आलेली पोरं स्वतःला 'घाबरट' म्हणतात तेव्हा मला नवल वाटतं. अवघड भाग त्यांचा आधीच होऊन गेलेला असतो.

आता माझ्या घरचं सांगतो, कबूल केलं होतं. मी मूलचा. नागपूरला बी.टेक. केलं, पाच वर्षं पुण्यात नोकरी करतोय. गेल्या महिन्यात ऑफिसमधून विचारलं, जर्मनीला दोन वर्षांसाठी जातोस का, आठ दिवसांत कळव. मी घरी गेलो. तीन एकर धान आहे, बाबांना शुगर, ताई गडचिरोलीला नर्स, आणि आजी ब्याऐंशी वर्षांची.

पहिल्या रात्री सगळे एकदम बोलले आणि कुणाचंच कुणाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मी वही काढली आणि आनंदीबाईसारखं केलं. म्हटलं, ज्याला जी भीती आहे ती प्रश्न करून सांगा, मी लिहितो. आईचे तीन निघाले: जेवशील काय, बाबांना दवाखान्यात न्यायचं झालं तर कोण, आणि दोन वर्षं म्हणजे दोनच का. बाबांचा एक: नोकरी गेली तर परत यायला पैसे असतील का. ताईचा एक: दर वेळी मीच का धावायचं? हा प्रश्न तिने इतकी वर्षं विचारलाच नव्हता. वही नसती तर तो बाहेर आला नसता.

बहुतेक प्रश्नांना उत्तरं मिळाली. सहा महिन्यांचा खर्च आणि परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचे, त्याला हात लावायचा नाही. बाबांच्या तपासणीसाठी मूलमधल्याच एका ओळखीच्या रिक्षावाल्या काकांना महिन्याचे ठरवून दिले, म्हणजे ताईवर सगळं येणार नाही. वरण-भात मला येतो.

शेवटचा प्रश्न आजीचा. "बाबू, मी मेली तं येशीन का?"

याला उत्तर नव्हतं. हिशोब केला, विमान, मग नागपूर, मग मूल, काहीही केलं तरी दीड दिवस. खोटं बोलायची इच्छा होत होती. मी सांगितलं, "आजी, येईन, पण वेळेत पोचेन असं नाही." ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मंग जातानी चांगले चार दिवस रायून जाय."

मी ऑफिसला हो कळवलं. आजीचा प्रश्न अजून तसाच आहे, तो सुटणारा नाही, आणि मी तो बरोबर घेऊनच जाणार आहे. पण आता आम्हा दोघांनाही तो माहीत आहे.

इतिहास वाचून माझं एवढंच मत झालंय. ही जी माणसं गेली, त्यांच्यातलं कुणी भीती संपायची वाट बघत बसलं नाही. भीती एकच मोठा गोळा असते तोवर ती हलत नाही. तिचे प्रश्न केले की काहींना पैशाने उत्तर मिळतं, काहींना माहितीने, काहींना एखाद्या नातेवाइकाशी नीट बोलून. एखादा उरतो. त्या एकासकट जायचं की नाही, हे मग तुम्ही ठरवायचं. आणि सगळा हिशोब करून 'नाही जायचं' असं ठरलं, तर तेही उत्तरच आहे. ते घाबरून दिलेलं नसतं.

आता थोडं कामाचं, कारण माहितीअभावी अडलेले प्रश्न सगळ्यात जास्त असतात. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ७५ जागांची. ज्या शाहू महाराजांची मदत बाबासाहेबांना झाली, त्यांच्याच नावाची. अनुसूचित जमातींसाठी केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे. वर्षाला २० जागा, त्यातल्या ३ आदिम जमातींसाठी राखीव. आपले माडिया गोंड त्यात येतात. म्हणजे भामरागड-एटापल्लीच्या पोरापोरींसाठी सरकारने जागा धरून ठेवलीय, अर्ज मात्र कुणीतरी करायला हवा. अटी आणि उत्पन्नाची मर्यादा बदलत असते, म्हणून त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

आणि आज काहीच ठरलं नसेल तरी पासपोर्ट काढून ठेवा. साधा अर्ज १,५०० रुपये, दहा वर्षं चालतो. कुठे जायचं ते नंतर बघू. ऑफर आल्यावर कागदपत्रांसाठी धावाधाव झाली की भीतीला आयतं कारण मिळतं.

तुमच्या घरात यादी केली तर पहिला प्रश्न कुणाचा निघेल, ते ऑडिओ मेसेज करून पाठवा. झाडीबोलीत पाठवला तर आणखी छान, पुढच्या भागात ऐकवतो. भेटू.